मधला दिवस

मशीनचे वार ठरलेले : मंगळ, गुरू, शनी.
("ग्रहच लागलेत," तू म्हणाला होतास.)
रविवार-सोमवारी पाय सुजतात.
उरला बुधवार,
आणि बुधवारात मावेल तेवढाच प्रवास.

बाबांच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत, मागल्या पानावर,
तुझं अक्षर :
डोंगर. जंगल. तलाव. समुद्र.
सतरा दिवस, थंडीत, जीप भाड्याने.
खाली पेट्रोलचा हिशोब, लिटरला अठ्ठावीस रुपये.
त्याखाली काही नाही,
नंतर तुझी नोकरी लागली.

मी गाडी शिकले त्रेपन्नाव्या वर्षी.
रिव्हर्स अजून नीट जमत नाही,
म्हणून आज मागे जायचं नाही, असं दोघांचं ठरलंय.

पहाटे नौपाड्यातून निघालो.
तुझ्या मांडीवर सातशे मिलीची बाटली,
तिच्यावर सिस्टर फिलोमिनाने मार्करने मारलेल्या रेघा :
नऊपर्यंत इथवर, बारापर्यंत इथवर.
मुद्दाम थंडी निवडली.
उन्हाळ्यात तहान रस्त्यापेक्षा लांब असते.

येऊरच्या फाटकावर कानटोपीवाल्या रखवालदाराने नाव विचारलं.
उल्हास.
"आमच्या बदलापूरला वाहते ती?"
"तीच. सध्या बांध घातलाय."
त्याला कळलं नाही. मला कळलं,
आणि मी गिअर चुकले.

वर साग अर्धा उतरलेला,
पानांच्या नुसत्या जाळ्या.
पाड्यावर शेकोटीभोवती तीन पोरं, एक कुत्रं, एक कोंबडा,
सगळ्यांचे चेहरे आगीकडे.
तू काच खाली केलीस. धूर आत आला.
"जंगल झालं," म्हणालास, आणि वहीत टिक केलीस.
मी म्हटलं, डोंगर पण धर यातच.
नाही म्हणालास. डोंगर वेगळा.

उपवनच्या तळ्यावरून वाफ निघत होती.
काठावर मफलर गुंडाळलेली माणसं
कारल्याचा रस पिऊन तोंडं वाकडी करत होती.
तू झाकण काढलंस, ओठ ओले केलेस,
झाकण लावलंस.
समोर केवढं पाणी.
मी आरशात बघितलं, मागे कुणीच नव्हतं,
तरी बघत राहिले.

ऐरोलीच्या पुलावर भरती उतरत होती.
गुलाबी पक्षी थोडेच, चिखलात माना खुपसून.
"ही खाडी दिवसातून दोनदा साफ होते," तू म्हणालास,
"कुणी सुई टोचत नाही."
मग बराच वेळ ट्रक.
पारसिकच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली,
मागचा टेम्पो शांत उभा राहिला, हॉर्न न वाजवता.
डोंगराची टिक त्याच्या नावावर.

उरणच्या अलीकडे, शेताच्या बांधावर,
मडकं उलटं घालून वर पेंढा पेटवलेला.
भांबुर्ड्याचा वास रस्ता ओलांडून आला.
वाल, बटाटे, मीठ : सगळंच तुला बंद.
तरी उतरलास. मडक्याशी उकिडवा बसलास.
केसात अबोली माळलेली बाई, नाव हिरूबाय,
तुला समजावत होती :
"यान पानी नाय टाकाचा, दादा. थेंब नाय.
आपलेच वाफेन शिजतं."
तू इतका हसलास
की तिला वाटलं तिचं काही चुकलं.
मी दोन पानांवर खाल्लं, तुझं आणि माझं.
तू वास घेतलास
आणि शेंगांची सालं मोजत बसलास.

पिरवाडीला समुद्र करडा, सपाट, लांबवर जहाजं.
मी गाडी थेट वाळूच्या तोंडाशी नेली.
तू टिक केलीस. पेन खिशात ठेवलंस.
सिस्टरच्या शेवटच्या रेघेच्या वर
अजून बोटभर पाणी होतं.
तू ते मला दिलंस.
मी प्यायले. कोमट होतं.

मग लक्षात आलं :
पुढे समुद्र, दोन्ही बाजूंना सुरूची झाडं.
मागे घेण्याशिवाय इलाज नाही.

तू उतरलास, स्वेटर खाली ओढलास,
गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलास,
सुयांचा हात छातीशी धरून,
दुसऱ्या हाताने मला बोलावत,
आयुष्यभर पार्किंगवाला असल्यासारखा :
येऊ दे…
येऊ दे…
डावीकडे थोडं, ताई, घाबरू नको,
येऊ दे, अजून पुष्कळ जागा आहे.